युद्धानंतरचे जर्मन, वाचन अपडेट: 'द रीडर' संपली, भांडण चालूच

मंडळी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन कादंबऱ्या ओळीने वाचायचा जो उद्योग काढलाय त्यात बर्नहार्ड श्लिंकची 'द रीडर' हातावेगळी झाली. जर्मनमध्ये १९९५ ला आली, इंग्रजी अनुवाद १९९७ चा, मी तोच वाचला. पुस्तक बारकं, प्रकरणंही छोटी छोटी, भाषा इतकी साधी की सरसर पुढे जातं. पण आमच्या वाचणाऱ्यांच्या टोळक्यात यावरून जेवढी जुंपली तेवढी आजवर कशावरून जुंपली नव्हती. खाली सगळी गोष्ट फोडलीये, वाचायची बाकी असेल तर इथूनच परत फिरा.

पहिला भाग बऱ्याच जणांना जड गेला. १५ वर्षांचा मिखाएल, ३६ वर्षांची हॅना, ट्रामवर कंडक्टर. तो तिला पुस्तकं वाचून दाखवतो, मग आंघोळ, मग बाकीचं. एका मैत्रिणीने इथेच पुस्तक मिटलं, म्हणाली बाई-पुरुष उलटे असते तर तुम्ही याला प्रेमकथा म्हटलं असतं का? यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. मी पण प्रेमकथा म्हणणार नाही. तरी भाग गाळू नका, कारण गोष्ट सांगणारा माणूस पंधराव्या वर्षीच तिच्या कह्यात गेलाय, पुढचा खटला आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी बघायचाय, आणि तो काही तटस्थ साक्षीदार नाही.

खरी मजा (मजा कसली म्हणा) दुसऱ्या भागात. मिखाएल आता कायद्याचा विद्यार्थी, छळछावणीच्या खटल्याला बसायला जातो तर आरोपींत हॅना. एसएसची (नाझी पक्षाचं सशस्त्र दल, छळछावण्या यांच्याच ताब्यात) पहारेकरी होती, आधी आउशवित्झ, मग क्राकोजवळची छोटी छावणी. युद्धाच्या शेवटी कैदी बायकांना पायी पश्चिमेकडे हाकत नेताना रात्री एका चर्चमध्ये कोंडलं, बॉम्ब पडून चर्च पेटलं, पहारेकरणींनी दारं उघडली नाहीत. एक आई आणि मुलगी सोडून सगळ्या जळाल्या. कोर्टात त्या रात्रीचा एक रिपोर्ट येतो, बाकीच्या आरोपी म्हणतात हा हॅनानेच लिहिला. अक्षर तपासायला तज्ज्ञ बोलवू असं निघताच ती म्हणते गरज नाही, मीच लिहिला. तिला लिहिता-वाचता येतच नाही! ते लपवायला ती जन्मठेप पत्करते.

इथून दोन तट पडले. एक काका, आयुष्यभर शाळेत शिकवलेले, पार विरघळले, म्हणाले निरक्षर बाईला काय कळणार, सीमेन्समध्ये बढती मिळत होती, भांडं फुटेल म्हणून एसएसमध्ये गेली, बिचारी. दुसरी बाजू एकदम कडक, म्हणे लेखकाने मुद्दाम असा आरोपी निवडलाय की आपल्याला तिची दया यावी. हा आक्षेप नवा नाही. अमेरिकन लेखिका सिंथिया ओझिकने १९९९ मध्येच घेतला होता, की जर्मनी त्या काळात युरोपातल्या सगळ्यात शिकलेल्या देशांपैकी, मग गुन्हेगार दाखवायला नेमकी निरक्षर बाईच का? आणि ते खरंच टोचतं, कारण जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनमधल्या वानझेला ज्यूंच्या संहाराचं नियोजन करायला बसलेल्या १५ नाझी अधिकाऱ्यांपैकी ८ जण डॉक्टरेटवाले होते.

माझं मत दोन्हीपेक्षा वेगळं झालंय. काकांचं तर पटतच नाही, कारण चर्चची दारं उघडायला अक्षरओळख लागत नाही. कोर्टात विचारतात तेव्हा हॅना काय सांगते बघा, की आम्ही त्यांना असं कसं सोडणार, आमच्यावर जबाबदारी होती, सगळ्या पळाल्या असत्या. आग लागलीये आणि हिला हजेरीची काळजी! हे लेखकानेच लिहिलंय, तिला सोडवायचं असतं तर ही वाक्यं तिच्या तोंडी घातलीच नसती. तिला सोडवायला धडपडतोय तो मिखाएल. आणि तोही धड धडपडत नाही.

वडलांचा प्रसंग परत वाचा. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, नाझी काळात स्पिनोझा या ज्यू तत्त्वज्ञावर व्याख्यान जाहीर केलं म्हणून नोकरी गेलेली, म्हणजे हात स्वच्छ. पण पोटच्या पोरालाही भेटायचं तर विद्यार्थ्यांसारखी वेळ घ्यावी लागते. हॅना निरक्षर आहे हे न्यायाधीशाला सांगू का, असं हा विचारतो तेव्हा ते सांगतात की तिच्या भल्याचं तिच्या पाठीमागे परस्पर ठरवू नकोस, आधी तिच्याशी बोल. हा तिच्याशी बोलत नाही. जातो थेट न्यायाधीशाकडे, तिथे अभ्यास कसा चाललाय वगैरे गप्पा होतात, आणि मुद्द्याचं एक अक्षर न बोलता साहेब बाहेर. मी तर वैतागून पुस्तक बाजूला ठेवलं. पण पुस्तकाचा जीव मला तिथेच सापडला. आईबापांच्या पिढीला 'तुम्ही गप्प का बसलात' म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा पोरगा, स्वतःची वेळ आली तेव्हा गप्प.

वकिली करणाऱ्या एका ताईंनी एक फार कामाची गोष्ट दाखवली. बाकी सगळे विचारत होते की इतकी माणसं मेली आणि खटला एका कागदावर कसा काय अडतो? तर त्या काळी जर्मन कोर्टात खुनाचा आरोप लावायचा तर या माणसाने नेमकं काय केलं ते सिद्ध करावं लागायचं, नुसतं छावणीत कामाला होता हे पुरायचं नाही. फ्रांकफुर्टचा आउशवित्झ खटला (१९६३ ते ६५, फ्रिट्झ बाउअर नावाच्या सरकारी वकिलाने नेटाने उभा केलेला) संपला तेव्हा २० पैकी फक्त ६ जणांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. ही पद्धत बदलली ती पार २०११ मध्ये, म्युनिकमध्ये डेम्यान्युक नावाच्या माजी छावणी पहारेकऱ्यावर चाललेल्या खटल्यापासून. त्यानंतर २०२२ मध्ये आजच्या पोलंडमधल्या स्टुटहोफ छावणीतल्या ९७ वर्षांच्या माजी टायपिस्टलाही शिक्षा झाली, तीही सस्पेंडेड, म्हणजे तुरुंगात न जाता. श्लिंक स्वतः कायद्याचा प्राध्यापक आणि न्यायाधीश राहिलेला, त्यामुळे कोर्टाची प्रकरणं इतकी घट्ट का बसलीयेत ते कळतं.

तिसऱ्या भागात मिखाएल तुरुंगात कॅसेट पाठवतो, 'ओडिसी'पासून सुरुवात, त्यावरून ती वाचायला शिकते, चिठ्ठ्या पाठवते. हा एकाही चिठ्ठीला उत्तर लिहीत नाही, फक्त पुढची कॅसेट. सुटकेच्या दिवशी पहाटे ती गळफास घेते. कोठडीत प्रीमो लेव्ही, एली वीझेल या छळछावणीतून जिवंत परतलेल्या लेखकांची पुस्तकं सापडतात. इथे मात्र माझं ओझिकच्या बाजूने अर्धं मत पडतं, म्हणजे हॅनाच्या फळीवरची पुस्तकं आपल्याला नावानिशी कळतात पण त्या आगीतून जिवंत राहिलेल्या आई-मुलीला अख्ख्या कादंबरीत नाव नाही. मिखाएलचं लक्ष तिकडे नाहीच असं म्हणून बचाव करता येईल, मी करून पण पाहिला, कुणी ऐकलं नाही. न्यूयॉर्कमधली ती मुलगी निदान ठणकावते तरी, हॅनाने तिच्यासाठी मागे ठेवलेले पैसे घेत नाही, माफीचा शिक्का मारून देत नाही, ते पैसे ज्यात होते तो चहाचा डबा तेवढा ठेवून घेते, कारण लहानपणी तिचा तसाच डबा छावणीत चोरीला गेला होता.

एक गंमत, ज्यांनी आधी २००८ चा सिनेमा पाहिला होता ते जवळजवळ सगळे हॅनाच्या बाजूचे निघाले. केट विन्स्लेटचा चेहरा एकदा डोक्यात बसला की संपलंच. त्यामुळे आधी पुस्तक, मग सिनेमा, आणि शक्यतो मध्ये गॅप टाका.

वेळ नसेल तर एकच प्रसंग वाचा, दुसऱ्या भागात मिखाएल फ्रान्सच्या आल्सेसमधल्या स्ट्रुटहोफ छावणीकडे लिफ्ट मागत जातो तो. गाडीवाला बोलता बोलता एका फोटोचं वर्णन करतो, रशियात ज्यूंना गोळ्या घालताना कठड्यावर बसून पाय हलवत सिगरेट ओढणारा अफसर, आणि पोरगा विचारतो, तो तुम्हीच का? गाडी थांबते, 'उतर खाली'.

पुढचा नंबर झिगफ्रीड लेन्झच्या १९६८ च्या 'द जर्मन लेसन'चा. त्यात हवालदार बाप नाझींनी एका चित्रकारावर घातलेली चित्रं काढायची बंदी इमानेइतबारे राबवतो. चित्रकाराचं पात्र एमिल नोल्डे या खऱ्या चित्रकारावरून घेतलंय, आणि नोल्डे स्वतःच नाझी पक्षात होता, त्यामुळे पुन्हा जुंपणार हे नक्की. जाडजूड आहे, कुणाला बरोबर वाचायची असेल तर सांगा, कॉपी फिरवू.