तुम्ही विचारलंत म्हणून: भायखळ्याला बघण्यासारखं काय आहे?

बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना भायखळा स्टेशन दाखवायला नेते. "सीएसएमटी सोडून इथे कशाला?" हा प्रश्न ठरलेलाच.

सीएसएमटी देखणी आहे, वादच नाही. पण ती बांधून झाली १८८८ मध्ये. भायखळ्याची दगडी इमारत १८५७ ची, म्हणजे एकतीस वर्षांनी थोरली. त्याआधी इथे लाकडी स्टेशन होतं. १६ एप्रिल १८५३ ला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं १४ डबे घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, ती इथूनच पुढे गेली. बोरीबंदरचं तेव्हाचं स्टेशन आता उरलेलं नाही. त्या काळाच्या जवळात जवळ जायचं तर भायखळ्यालाच उतरावं लागतं.

मी पाहुण्यांना आधी भिंतीपाशी उभं करते. वर्षानुवर्षं या दगडावर ऑइलपेंटचे थरावर थर चढत गेले होते. एक रंग उडाला की त्यावर दुसरा. अशा रंगाखाली दगडात मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मुंबईच्या पावसात तर ते फार वाईट. २०१९ नंतर संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली हे थर काढले गेले आणि मूळ बेसाल्ट पुन्हा उजेडात आला. 'आय लव्ह मुंबई' ही संस्था आणि बजाज ट्रस्ट यांनी हे काम उचललं होतं. २०२२ मध्ये ते पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की इतकं सगळं झालं तरी स्टेशन स्टेशनच राहिलं. दोरी बांधून, पाटी लावून त्याचं संग्रहालय केलं नाही. तिकीट खिडकीपुढे रांग लागते, स्लो गाडीची घोषणा होते, भाजीच्या पाट्या जातात. जुन्या वास्तूचा मान राखायचा तो असाच, तिचं काम तिच्याकडेच ठेवून.

यायचं तर दुपारी या. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मान वर करून बघायला कोणी उभं राहू देत नाही. नंतर पूर्वेला राणीच्या बागेशेजारी १८७२ चं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, चालत जाण्याइतकं जवळ. बुधवारी मात्र ते बंद असतं.