वीस तारखेनंतरची बदामी

आमच्या सीएच्या धंद्यात महिना एक तारखेला सुरू होत नाही. तो सात तारखेला सुरू होतो, कारण सातच्या आत टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायचा असतो. मग अकराला जीएसटीआर-वन (जीएसटीचं विक्रीचं विवरण), पंधराला पीएफ, मधूनच कधी अॅडव्हान्स टॅक्स, आणि विसाला थ्रीबी (जीएसटीचंच, पण कर भरायचं विवरण). विसाची रात्र सरली की पुढच्या सातपर्यंत जे काही दिवस उरतात, ते माझे. त्यातूनही जुलै वजा करा, सप्टेंबर-ऑक्टोबर वजा करा, मार्च-एप्रिलचं तर नावच नको. उरतात ते ऑगस्टचे, नोव्हेंबरचे आणि फेब्रुवारीचे शेवटचे आठवडे. गेली तेरा वर्षं मी एवढ्याच फटींमधून फिरते आहे.

फटीसुद्धा आपल्या नसतात. मुदतवाढ मिळाली की क्लायंट पेढे वाटायच्या बेतात असतात आणि मी तिकिटं कॅन्सल करत असते. २०२५ साली इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलै ही तारीख १५ सप्टेंबरवर गेली आणि माझा अख्खा ऑगस्ट पाण्यात गेला. ही गोष्ट त्याच्या आदल्या ऑगस्टची.

"सोड ना नोकरी आणि फीर मस्त," असं मला वर्षातून चार जण तरी सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानेही नोकरी सोडलेली नाही. मला सोडायचीही नाही. एक तर फिरण्याला पैसे लागतात आणि ते महिन्याच्या महिन्याला खात्यात आलेले मला आवडतात. दुसरं असं, की फिरायची चटक मला या कामानेच लावली. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करत होते तेव्हा एप्रिलमध्ये बँक ऑडिटला पाठवायचे. कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, स्टँडसमोरच्या लॉजवर, चार दिवस. पुण्याची मुलगी मी, तोवर सोलापूरच्या पुढे गेले नव्हते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एका ब्रँचचं काम दुपारी तीनला आटपलं म्हणून सीनियरने नळदुर्गचा किल्ला दाखवला होता. बोरी नदीवर बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. एप्रिलमध्ये धबधबा कुठला असायला, पण त्या कोरड्या भिंतीच्या पोटातल्या गार खोलीत उभं राहिल्यावर वाटलं, कॅश मोजायला येऊन हे बघायला मिळत असेल तर काम वाईट नाही.

तर ऑगस्ट २०२४. वीस तारीख मंगळवारी आली होती. पुढच्या सोमवारची एक रजा टाकली की शनिवार-रविवार धरून तीन दिवस. रजेचं कारण 'कुलदेवीला जाणे.' हे मी सगळ्यांना फुकट सांगते: आमच्याकडे साहेब लग्नाची रजा कापतील, पण कुलदेवीची कापत नाहीत. आणि कारण खोटंही नव्हतं. आमची देवी बदामीची बनशंकरी. आत्याला केव्हाची तिची ओटी भरायची होती. तिला खरं तर पौषात, जत्रेच्या दिवसांत जायचं होतं. पण पौष येतो जानेवारीत, आणि जानेवारीतही माझी सात, अकरा, वीस असतेच. शेवटी तीच म्हणाली, "देवी काय ऑगस्टमध्ये रजेवर असते का? जाऊ."

मुंबईहून होसपेटला जाणारी गाडी पुण्याला मध्यरात्र उलटल्यावर येते आणि सकाळी थेट बदामीला सोडते. मी महिनाभर आधी दोन बर्थ काढून ठेवले, तेवीस तारखेचे. गुरुवारी संध्याकाळी चार्ट तयार झाल्याचा मेसेज आला. एक दिवस आधीच चार्ट! रेल्वे सुधारली असं वाटून मी कामाला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी सातला बॅग भरताना तिकीट उघडलं. तेवीस तारखेची, रात्री बारानंतरची गाडी. म्हणजे गुरुवारी रात्रीची. ती आमच्या दोन रिकाम्या बर्थसकट केव्हाच बदामी ओलांडून पुढे गेली होती.

दुसऱ्यांच्या तारखा सांभाळण्याचा मी पगार घेते. आत्याला फोन केला तेव्हा ती जिवतीच्या शुक्रवारची पुरणपोळी डब्यात भरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लेट फी भरून चालत नाही का गं?"

रात्री विजापूरच्या स्लीपर बसमध्ये दोन जागा मिळाल्या, वरच्या. सदुसष्ट वर्षांची बाई लोखंडी शिडीने वर चढली, पदर खोचून, आणि पडदा ओढून झोपली. मीच जागी. सोलापूर गेलेलं कळलं, नंतर भीमा ओलांडल्यासारखं वाटलं, आणि अंधारातच विजापूर आलं. तिथून कर्नाटकाची लाल बस पकडून बागलकोट, आणि तिथे पुन्हा बस बदलून बदामी. गाडीने गेलो असतो तर हा रस्ता झोपेतच गेला असता. कोल्हारजवळ बस कृष्णेच्या पुलावर चढली आणि पूल संपेचना. अलमट्टीचं फुगलेलं पाणी दोन्ही अंगांना, इतकं की नदी कुठली आणि शेतं कुठली कळू नये. आत्याने खिडकीतून हात जोडले. "आपल्या महाबळेश्वराचंच पाणी ना हे? किती लांब आलंय."

बदामीला पोचायला साडेअकरा वाजले. लॉजवर आंघोळी करून मी म्हटलं, आधी गुंफा बघू. "आधी देवी," आत्या म्हणाली, "मग तुझे दगड."

बनशंकरीचं देऊळ गावापासून पाचेक किलोमीटरवर. समोर हरिद्रातीर्थ, दगडी मंडपांनी वेढलेलं चौकोनी तळं. देवी काळ्या पाषाणाची, सिंहावर बसलेली, आठ हातांची. ही मुळात चालुक्यांची देवी. आताचं देऊळ मात्र अठराव्या शतकातलं, मराठा सरदाराने बांधलेलं. श्रावण असूनही गर्दी बेताची होती. आत्याने खण-नारळाने ओटी भरली, पुजाऱ्याने कानडीत काहीतरी विचारलं, आत्याने मराठीत गोत्र सांगितलं, आणि दोघांचंही समाधान झालं.

मला जे आठवतं ते देवळाबाहेरचं. डोक्यावर बुट्टी घेतलेल्या बायका तिथे जेवण विकतात. "बर्री, ऊटा माड्री" करत एकीने आम्हाला झाडाखाली बसवलंच. बुट्टीतून कापडात गुंडाळलेल्या ज्वारीच्या रोट्ट्या निघाल्या, काही मऊ, काही पापडासारख्या कडक. पळसाच्या पत्रावळीवर एण्णगायी (भरलं वांगं), शेंगाचटणी, एक काळपट चटणी, आणि मडकं कलंडून वर घट्ट दही. दही इतकं घट्ट की ओघळलं नाही, तिने बोटाने कापून टाकलं. आत्याने वांगं उकलून बघितलं, काळी चटणी जिभेवर ठेवली आणि निकाल दिला, "कारळं. माझी आजी घालायची." ती बाई म्हणाली, "गुरेळ्ळु." आत्या म्हणाली, "तेच ते." मग दोघी हाताने मापं दाखवत बोलत बसल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला कानडी. निघताना आत्याच्या पिशवीत वीस कडक रोट्ट्या आणि चटणीची पुडी होती.

दुपारी गुंफा. बदामी म्हणजे वातापी, चालुक्यांची राजधानी. पहिल्या पुलकेशीने इथे किल्ला बांधला तो इ.स. ५४३ मध्ये. लाल वाळूच्या दगडाचे दोन कडे, मध्ये अगस्त्य तलाव, आणि दक्षिणेच्या कड्यात एकावर एक चार लेणी. पहिल्याच लेण्याच्या दाराशी अठरा हातांचा नटराज आहे. आत्याने हात मोजले, सतरा भरले, पुन्हा मोजले. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. शेषाच्या वेटोळ्यावर आरामात बसलेला विष्णू (निजलेला नाही, बसलेला), त्रिविक्रम, उभा नरसिंह. तिथेच मंगलेशाचा लेख आहे, शक ५००, म्हणजे इ.स. ५७८. लेणं कोणी, कधी, कोणाच्या राज्यात करवलं आणि त्याच्या खर्चाला कोणत्या गावाचं उत्पन्न लावून दिलं, हे सगळं त्यात आहे. तारीख, पार्टी, नॅरेशन. व्हाउचर पुरं. आमच्या काही क्लायंटना मार्चचं बिल जूनमध्ये सापडत नाही.

चौथं लेणं जैन. तिथवरच्या पायऱ्या चढेपर्यंत आत्याचे गुडघे बोलू लागले होते, आणि तिथेच माकडाने तिच्या हातातली प्रसादाची पिशवी हिसकली. अर्धा नारळ गेला. रोट्ट्या माझ्या सॅकमध्ये होत्या म्हणून वाचल्या. संध्याकाळी तलावाच्या पलीकडच्या टोकाला, भूतनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. घाटावर बायका धुणं बडवत होत्या आणि प्रत्येक दणक्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता.

रविवारी रिक्षा ठरवून पट्टदकल आणि ऐहोळे. पट्टदकल मलप्रभेच्या काठावर, १९८७पासून जागतिक वारशाच्या यादीत. सगळं आवार चकाचक, हिरवळ कातरलेली. मला जरा जास्तच नीटनेटकं वाटलं. पण विरूपाक्षाच्या देवळासमोर बोलणं थांबतं. दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकली, त्याची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने हे बांधवलं. आपल्या वेरूळच्या कैलासावर या देवळाची छाप आहे असं मानतात, आणि समोर उभं राहिलं की ते पटतं. इथे पूर्वेच्या दारापाशी स्थपतीचंही नाव कोरलंय: गुंड, पदवी अनिवारिताचारी. खर्च करणारीचं नाव असतंच, करणाऱ्याचं क्वचित. आमचे साहेब ताळेबंदावर सही करतात तेव्हा खाली नाव, मेंबरशिप नंबर आणि यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळखनंबर, टाकतात. चुकलं तर धरायला सोयीचं. गुंडाचं नाव तेराशे वर्षांच्या आसपास तिथे आहे आणि त्याला अजून कोणी धरलेलं नाही.

ऐहोळेत आत्या दुर्गमंदिराच्या ओसरीत बसली आणि मी एकटीच मेगुटीच्या टेकडीवर गेले. वर जुनं जैन मंदिर, अर्धवट पडलेलं. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख आहे, इ.स. ६३४चा, दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचा. याच लेखात सम्राट हर्षाचा हर्ष भीतीने गळून गेला असा श्लेष आहे, आणि याच लेखात रविकीर्ती स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीला बसवतो. कालिदास त्याच्या आधीचा हे त्यामुळे तरी पक्कं होतं. माझ्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळी. पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला, ज्यांत नव्व्याण्णव हजार गावं होती, असं इथे म्हटलंय. आपल्या नावाची इतकी जुनी नोंद, आणि तीही आकड्यासकट!

मी त्या भिंतीसमोर उभी. अक्षरं सुबक आणि वाचता न येणारी. ऑडिटरच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला: कोणी मोजली? लाख का नाही, नव्व्याण्णव हजारच का? हा तर बाटाच्या चपलेसारखा आकडा झाला. तेवढ्यात फोन वाजला. टेकडीखाली रेंज नव्हती, वर होती.

"मॅडम, नोटीस आलीये. इन्कम टॅक्सची. काय करू?"

"स्क्रीनशॉट पाठवा."

स्क्रीनशॉट उघडायला दोन मिनिटं लागली. कलम १४३(१).

"ही नोटीस नाही, इंटिमेशन आहे. तुमचा रिटर्न प्रोसेस झालाय. खाली बघा, रिफंड आहे तुम्हाला."

"पण मॅडम, सेक्शन लिहिलंय."

"सगळ्यांनाच लिहून येतं."

"नक्की ना? रविवारी कशी पाठवली मग?"

हे सगळं मी सातव्या शतकातल्या भिंतीला पाठ टेकून बोलत होते. पूर्वी असा फोन आला की सहलीचा विचका झाल्यासारखं वाटायचं. मी फोन बंद ठेवून बघितलंय, विमान मोडवर ठेवून बघितलंय. मग दिवसभर फोनचाच विचार. आता उचलते, चार मिनिटांत संपवते. लॅपटॉप मात्र आणत नाही. एकदा गोकर्णला नेला होता, समुद्र खिडकीतून दिसला फक्त.

फोन ठेवून भिंतीकडे वळले तर ऊन सरकलं होतं आणि मघाशी सपाट वाटणारी अक्षरं आता खोल दिसत होती. एकोणीस ओळी. बोटाने हवेतच मोजल्या.

सोमवारी गोकुळाष्टमी, शिवाय श्रावणी सोमवार. आत्याचा डबल उपवास, म्हणजे केळी आणि शेंगदाणे. आम्ही दुपारनंतरच्या गाडीने निघालो. त्या तिकिटाची तारीख मी शनिवारपासून सहा वेळा तपासली होती, आणि आत्याने चष्मा लावून सातव्यांदा. पुणं उजाडायच्या आत आलं. तिला घरी सोडून, तीन तास झोपून मी साडेनऊला ऑफिसात होते.

अकराच्या सुमारास आर्टिकलने विचारलं, "मॅडम, डीएससीचं टोकन तुमच्याकडेच ना?" मी सॅकच्या पुढच्या कप्प्यात हात घातला. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन निघालं, त्याच्या टोपणात कारळ्याची चटणी गच्च बसलेली. पुडी फुटली होती. आर्टिकलने ते यूएसबीत घालण्याआधी वास घेतला.

"मॅडम, रोट्टी पण आहे का?"

होती. अकरा उरल्या होत्या.