मामाचा राहिलेला सेकंड हाफ

२००५ च्या मे महिन्यात बारावीच्या निकालाची वाट बघत मी खडकीला मामाकडे जाऊन राहिले होते. २५ तारखेला इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, एसी मिलान विरुद्ध लिव्हरपूल. आपल्याकडे मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते. पहिल्याच मिनिटाला मिलानच्या मालदिनीनं गोल मारला, मग क्रेस्पोनं दोन. हाफटाइमला ३-०. मामा तेव्हा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पहिली पाळी होती. "संपलं गं हे. तूही झोप," असं म्हणून तो आत गेला.

पुढे काय झालं ते फुटबॉलवाल्यांना माहीत आहेच. लिव्हरपूलचे जेरार्ड, श्मीत्सर, अलोन्सो, सहा-सात मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी पेनल्टीवर लिव्हरपूल. मामी उठेल म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून, तोंडात उशी धरून ओरडत होते. सकाळी मामा दात घासत असताना त्याला सांगितलं, तर त्याला वाटलं मी थापा मारतेय. पेपरमध्येही काही नव्हतं, कारण मॅच संपेपर्यंत पेपर छापून झाला होता. दुपारी फॅक्टरीतून आला तो काहीही न बोलता जेवायला बसला.

मामा स्वतः फॅक्टरीच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळलेला माणूस. त्यामुळे वीस वर्षं हा विषय निघाला की घरातले सगळे त्याला हाणायचे. गणपतीत, दिवाळीत, माझ्या लग्नातसुद्धा.

म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये हाँगकाँगला लिव्हरपूल विरुद्ध मिलान असा प्री-सीझन, म्हणजे हंगामाच्या आधीचा, सामना आहे हे कळलं, तेव्हा मी पहिला फोन नवऱ्याला न करता मामाला केला. "मामा, तुझा सेकंड हाफ राहिलाय."

आता प्री-सीझन फ्रेंडलीबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पेपरवाले त्याला मैत्रीपूर्ण सामना म्हणतात. मैत्री असते ती क्लबची आणि प्रायोजकांची. खेळाडू सुट्टी संपवून नुकतेच आलेले असतात, तासाभरानंतर अर्धी टीम बदलते, आणि तिकिटाची किंमत मात्र लीगच्या मॅचला लाजवेल अशी. मी मामाला खरा आकडा सांगितला नाही. या ब्लॉगवरही सांगणार नाही, तो वाचतो.

पण आपण पुणेकर कुठे जाणार? ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडचे ब्लॅकबर्न रोव्हर्स बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आले होते. तो क्लब पुण्याच्या वेंकीजनं विकत घेतला होता म्हणून आपल्याला तो योग. मी आणि मामा गेलो होतो. ३-० हरलो, पण निदान 'हरलो' म्हणायला आपला एक क्लब होता. नंतर पुणे एफसी गेली, डीएसके शिवाजियन्स गेली (त्यांची तर लिव्हरपूलबरोबर अकॅडमी होती, पुण्यात!), आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपली, तिची जागा हैदराबादनं घेतली. मामा म्हणतो, पुण्यात क्लब भाडेकरूसारखे येतात, अकरा महिन्यांचा करार.

माझी कॉलेजमधली एक मैत्रीण मकाऊला एका हॉटेलात अकाउंट्स बघते. तिच्याकडे राहायची सोय होती, आणि भारतीय पासपोर्टला मकाऊत व्हिसा लागत नाही. मुंबई-बँकॉक-मकाऊ अशी तिकिटं काढली. तिथून हाँगकाँगला जायचे दोन रस्ते. एक २०१८ मध्ये सुरू झालेला ५५ किलोमीटरचा पूल, ज्यावरून बस जाते, फेरीच्या निम्म्याहून कमी पैशात. दुसरी फेरी. मी बस म्हणाले.

मामा बोट म्हणाला. याला मीच जबाबदार. इंग्लंडमधले लोक जुलैत आपल्या क्लबच्या मागे बोटीनं परदेशी जातात, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. हलहून रॉटरडॅमला रात्री बोट निघते, सकाळी पोचते. न्यूकॅसलहून निघालेली अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आयमाउडेनला लागते. बारमध्ये रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी हॉलंडमधल्या कुठल्यातरी गावच्या टीमबरोबर मॅच, जिचा निकाल महिन्याभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. मामाला ही कल्पना भलतीच आवडली होती. "जायचं तर तसंच जायचं. बसनं काय, मी बसनं भोसरीला जातो."

निघायच्या आधीच्या रविवारी, २० जुलैला, हाँगकाँगला मोठं वादळ धडकलं. टायफून विफा, तिथला सगळ्यात वरचा दहा नंबरचा इशारा. आईनं बातम्यांत बघितलं आणि दिवसातून चार वेळा फोन. "तुझं जाऊ दे, माझ्या भावाला बोटीत घालू नकोस." दहा नंबर त्याच दिवशी उतरला, आईचा इशारा आम्ही परत येईपर्यंत कायम होता.

हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून एक स्लिप छापून न्यावी लागते, आणि तिच्यावर सही करावी लागते. मी मामाला त्याच्या स्लिपची प्रिंट पाठवली होती. मकाऊच्या फेरी टर्मिनलवर त्यानं पिशवीतून ती काढली, तर लॅमिनेट केलेली! अप्पा बळवंत चौकात, वीस रुपयांत, "भिजायला नको म्हणून." सही केलीच नव्हती. मग रांगेत उभं राहून आम्ही दोघं नेलकटरनं लॅमिनेशन सोलत होतो, रेशनकार्ड सोलावं तसं, आणि कागदाचा वरचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर निघत होता. नाव आणि नंबर वाचले, एक कोपरा गेला.

रांगेत लिव्हरपूलच्या लाल जर्सी बऱ्याच होत्या, मिलानचे काळे-लाल पट्टेही. आमच्या पुढे एक माणूस पोर्तुगालची जर्सी घालून उभा होता, पाठीवर २१ आणि 'दिओगो जे.' मकाऊ १९९९ पर्यंत पोर्तुगालकडे होतं, रस्त्यांच्या पाट्या अजून पोर्तुगीजमध्ये आहेत, आदल्या दिवशी चौकातली काळी-पांढरी फरशी बघून मामा "अगं हे तर पणजी!" म्हणत फिरत होता. त्या जर्सीकडे बघून मात्र तो गप्प झाला. पोर्तुगालकडून आणि लिव्हरपूलकडून खेळणारा दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेले होते. जोटाचं लग्न होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मामानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला, मामानं नुसती मान हलवली, त्यानंही हलवली. पुढे तासभर ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत, भाषाच नव्हती, पण बोटीत चढताना त्यानं मामाची पिशवी धरली.

चढताना एक बाई तिकिटावर सीट नंबरचा छोटा स्टिकर चिकटवते. मामा खिडकीपाशी बसला, आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या डोक्यात घारापुरीची लाँच होती, नाहीतर मांडव्याची फेरी. वर डेक, वारा, सीगल, हातात वेफर्स. ही होती दोन तळांची कॅटामरान. खिडक्या बंद, एसी, विमानासारख्या सीटा, समोर टीव्ही. "ही तर पाण्यावरची शिवनेरी," मामा म्हणाला. गाणं कुणीच गात नव्हतं. अर्धे लोक झोपले होते, बाकीचे मोबाइलवर.

पाणी सुरुवातीला चहासारखं. पर्ल नदीचा गाळ तिथे समुद्रात येतो. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पुलाखालून जसं वाहतं ना, अगदी तो रंग. डाव्या हाताला लांबवर तो पूल दिसत होता, ज्यावरून मी आरामात बसनं गेले असते. साठेक किलोमीटर, साधारण एक तास. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मग बोट आपटायला लागली. डोलणं नव्हे, आपटणं. कात्रजच्या जुन्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं.

बोट लागू नये म्हणून मामासाठी मी अ‍ॅव्होमीनची गोळी आणली होती. त्यानं घेतली, मी घेतली नाही. मला काय होणार होतं? सीटच्या खिशात कागदी पिशवी होती, पण ती उघडायला जरा वेळ लागतो. नवी कोरी लाल जर्सी. सकाळी खाल्लेलं सगळं.

मामा घाबरला नाही. त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली, पंचा (हो, पंचा घेऊन आला होता हाँगकाँगला) आणि आवळासुपारीची डबी काढली. पोर्तुगालवाल्यानं मागच्या सीटवरून टिश्यूचं अख्खं पाकीट दिलं. मिलानची जर्सी घातलेल्या एका आजीनं हिरव्या तेलाची इवलीशी बाटली माझ्या नाकाखाली धरली आणि माझ्या कपाळाला ते तेल स्वतः चोळलं, न विचारता, जसं आपल्याकडे आजी विक्स चोळते. पाणी कधी हिरवं झालं, डोंगर कधी दिसायला लागले, मला काही माहीत नाही. मामा सांगत होता, "हे बघ, बेट! हे बघ, दुसरं!" आणि मी पंच्यात तोंड घालून बसले होते.

इमिग्रेशनवर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. अधिकाऱ्यानं मामाची सोललेली स्लिप बोटांत धरून उलटी केली, सुलटी केली, मामाकडे बघितलं. मामानं सही केलेल्या जागी बोट ठेवलं. चौदा दिवस मिळाले. आम्हाला एकच रात्र हवी होती.

धक्क्यापासून स्टेडियमपर्यंत मेट्रो. शुंग वानला बसलो, अ‍ॅडमिरल्टी आणि हुंग होमला बदललो, काई ताकला उतरलो. हिंजवडीची मेट्रो होईपर्यंत बालेवाडीला जायला मला यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी तिथे मोठ्यांदा म्हणाले. स्टेडियम त्याच वर्षी मार्चमध्ये उघडलेलं, पन्नास हजारांचं, आणि उभं आहे जुन्या काई ताक विमानतळाच्या जागेवर, जो १९९८ मध्ये बंद झाला. इथे विमानं इमारतींच्या गच्च्यांवरून उतरायची. मामाला लोहगावच्या सुखोईंची सवय, तो म्हणाला त्यात काय.

मॅचबद्दल थोडक्यात. दहाव्या मिनिटाला लेयावनं मिलानला पुढे नेलं. विसाव्या मिनिटाला आमच्या स्टँडमधले लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, जोटासाठी. त्याचा लिव्हरपूलमधला २० नंबर क्लबनं कायमचा बाजूला ठेवलाय. मिलानवालेही उठले. मामा आधीच उभा होता. मग लिव्हरपूलच्या सोबोस्लाईनं लांबून वळवून असा मारला की मी मळमळ विसरले. हाफटाइमला १-१.

हाफटाइमला मी मामाकडेच बघत होते. तो चहा शोधत होता. मिळाला तो लिंबू घातलेला गार चहा, कागदी खोक्यात. "हा चहा पिऊन कोण झोपणार?" तो म्हणाला.

सेकंड हाफमध्ये मिलानचे लॉफ्टस-चीक, मग ओकाफोर. ३-१. दोन्हीकडून बदल्यांवर बदल्या. शेवटच्या पाच मिनिटांत लोक गर्दी टाळायला उठायला लागले, आणि मीही म्हणाले, मामा चल, मेट्रोला रांग लागेल.

"बस खाली," तो म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी असंच उठलो होतो मी."

आणि इंज्युरी टाइममध्ये लिव्हरपूलच्या गाकपोनं खरंच गोल मारला! ३-२! मामानं माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी चार बोटांचे वळ होते. "बघ! बघ! अजून वेळ आहे!" सहासष्ट वर्षांचा माणूस खुर्चीवर चढायला निघाला होता. एका फ्रेंडलीसाठी. मी जे काही वर मत वगैरे लिहिलंय ते त्या मिनिटभरासाठी मागे घेते.

मिनिटभरच, कारण लगेच ओकाफोरनं चौथा घातला. ४-२. शिट्टी.

रात्री परत बोटीत बसायची माझी हिंमत नव्हती, आणि मामानंही आग्रह केला नाही. पुलावरच्या बसनं आलो. दोन्ही टोकांना उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, परत चढायचं. बाहेर अंधार आणि दिव्यांची लांबलचक रांग. मामानं तिकिटावरचा सीट नंबरचा स्टिकर सोलून मोबाइलच्या मागे चिकटवला होता आणि अंगठ्यानं तो दाबत बसला होता.

"पिंटे, इस्तंबूलला मी झोपलो होतो, ना?"

"झोपला होतास."

"आणि ते जिंकले."

"हो."

"आज पूर्ण जागा होतो. हरले." बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग वळला. "म्हणजे तेव्हा मी झोपलो म्हणून जिंकले ते."

पुण्यात परत आल्यापासून तो हेच सांगत सुटलाय. मामीला, माझ्या आईला, रविवारी मैदानावर भेटणाऱ्या जुन्या टीमला. परवा रिक्षावाल्याला सांगत होता.