चॅपलमधला कॅमेरा: ख्रिस्ती विद्यापीठात सिनेमा शिकायला निघण्यापूर्वी

‘ख्रिस्ती कॉलेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचं झेवियर्स किंवा विल्सन येतं. तिथे कुठल्याही धर्माचं मूल शिकतं, प्रार्थनेची सक्ती नसते आणि दरवाजावरचा क्रूस सोडला तर वर्गात धर्म फारसा जाणवत नाही. झेवियर्सच्याच आवारात १९६९पासून जेझुइट मंडळींची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची, संज्ञापन संस्थाही चालते. हे चित्र मनात ठेवून अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांच्या चित्रपट विभागांकडे पाहिलं तर गफलत होते. तिथे ‘ख्रिस्ती’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात.

लॉस एंजेलिसचं लॉयोला मेरीमाउंट हे जेझुइट परंपरेतलं. चित्रपट आणि टीव्हीसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे आणि प्रवेशाला धर्माची अट नाही. ईश्वरविद्येचा विषय अभ्यासक्रमात येतो, एवढंच. त्याच महानगराच्या आग्नेयेला, ला मिराडा गावातलं बायोला १९०८ साली बायबल इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालं. त्याचं नावही त्याच आद्याक्षरांवरून पडलं. तिथे पदवीला प्रवेश घेताना आपण ख्रिस्ताचे अनुयायी आहोत, हे विद्यार्थ्याला स्वतः सांगावं लागतं. केंटकीतल्या विल्मोर या लहानशा गावातलं अ‍ॅस्बरी याहून निराळं. तिथल्या माध्यम विभागाचे विद्यार्थी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात काम करत आलेत. चॅपल, म्हणजे सामुदायिक उपासना, हा तिथल्या आठवड्याचा कणा आहे.

म्हणून अर्जाआधी प्रवेश विभागाला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. विश्वासाच्या कबुलीवर सही करावी लागते का? पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, किती क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) सक्तीचे? चॅपलला किती हजेरी लागते? आणि विद्यार्थ्याच्या लघुपटाची संहिता कोण मंजूर करतं? दुसरा प्रश्न साधा वाटतो, पण पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि एक विषय बहुधा ३ क्रेडिटचा. पवित्र शास्त्राचे चार विषय म्हणजे पदवीचा दहावा भाग. तेवढे चित्रपटाचे ऐच्छिक विषय कमी होतात, किंवा उन्हाळी सत्राचा खर्च वाढतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मागच्या वर्षीचे लघुपट दाखवायला सांगा. शिव्या, दारू, हिंसा, शंका घेणारी पात्रं यांची मर्यादा नियमपुस्तिकेपेक्षा पडद्यावर स्पष्ट कळते.

चॅपलची हजेरी हे बऱ्याच जणांना ओझं वाटतं. माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तोच सगळ्यात मोठा वर्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी शेकडो माणसं, वाद्यवृंद, गायन, भाषण, आणि ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय नाही! असा सराव साध्या फिल्म स्कूलमध्ये पैसे मोजूनही मिळत नाही.

चॅपलच्या थेट प्रक्षेपणाची किमान मांडणी तीन कॅमेऱ्यांची. एक सभागृहाच्या मागे मधोमध, लांब लेन्सचा. दुसरा बाजूला, वाद्यवृंद आणि बसलेली माणसं टिपणारा. तिसरा मंचाजवळ, हातातला. नियंत्रण खोलीत दिग्दर्शक, स्विचरवर, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बदलणाऱ्या यंत्रावर, एक जण, कॅमेऱ्यांचा रंग आणि उजेड जुळवणारा एक, गीतांचे शब्द पडद्यावर सोडणारा एक आणि प्रक्षेपणाच्या आवाजाचा एक. इंटरकॉमवर ‘रेडी टू’ (कॅमेरा दोन, तयार राहा) आल्याशिवाय ‘टेक टू’ (आता त्याचं चित्र घ्या) येत नाही. हा क्रम मोडला की कॅमेरा हलताना थेट दिसतो. शब्दांचा माणूस तालमीला हवाच, कारण पुढची ओळ आधीच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर यावी लागते. ती गायल्यावर आली तर अख्खं सभागृह अडखळतं.

चित्रातली नेहमीची डोकेदुखी म्हणजे मंचामागची एलईडी भिंत. शटर तिच्या गतीशी जुळलं नसेल तर आडव्या पट्ट्या सरकतात. कॅमेऱ्यातल्या सूक्ष्म शटर-समायोजनाने त्या थांबवता येतात. फोकस नेमका भिंतीच्या ठिपक्यांवर बसला की लाटांसारखी नक्षी उमटते. त्यावर उपाय म्हणजे वक्त्याला भिंतीपासून पुढे आणणं, आयरिस (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) उघडणं आणि भिंत थोडी धूसर होऊ देणं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसण्याची जुळणी, स्वयंचलित ठेवला तर भिंत निळी झाली की चेहरे नारिंगी होतात. तिन्ही कॅमेरे एकाच पांढऱ्या कार्डावर, वक्ता उभा राहतो त्याच जागी, हाताने जुळवून घ्यावेत.

खरी कसोटी आवाजाची. सभागृहातल्या मिक्सरचाच आवाज प्रक्षेपणाला दिला तर ड्रम गायब होतो आणि गायकाचा आवाज कोरडा, कानात बोलल्यासारखा येतो. ड्रम खोलीत आपोआपच मोठा वाजतो, म्हणून तिथला माणूस स्पीकरमध्ये तो कमी ठेवतो. घरी ऐकणाऱ्याकडे ती खोली नसते. प्रक्षेपणाला वेगळं मिश्रण हवं आणि लोकांचं गाणं टिपायला मंचाच्या कडेला, लोकांकडे तोंड केलेले दोन माईक हवेत. माईक स्पीकरपासून दूर, सभागृहाच्या मागे टांगले तर घोटाळा होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या माईकला तोच आवाज जवळपास ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मिश्रणात दुहेरी घुमतो. तेव्हा मिक्सरकडून येणाऱ्या आवाजाला तेवढाच विलंब द्यावा लागतो. स्विचर चित्राला एक-दोन फ्रेम मागे टाकतो तो हिशेब वेगळा; अमेरिकेच्या २९.९७ फ्रेमच्या गतीत एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. ओठ आणि शब्द जुळतात का, हे उपासनेआधी टाळी वाजवून तपासायचं.

कुणी प्रार्थनेत रडत असेल तर त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नये. फेब्रुवारी २०२३मध्ये अ‍ॅस्बरीतली एक नेहमीची उपासना संपलीच नाही, दोन आठवड्यांहून अधिक दिवस चालली, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींनी ती जगभर पोचली. कॅमेरा कधी खाली ठेवायचा, हे अशा ठिकाणी पुस्तकाविना शिकायला मिळतं.

गीतांच्या हक्कांबाबत मोठा गैरसमज असतो. अमेरिकी कायद्यात उपासनास्थळी उपासनेच्या ओघात गीत गायला सवलत आहे. पण ती त्या चार भिंतींपुरतीच. शब्द पडद्यावर दाखवायला परवाना लागतो, इंटरनेटवर प्रक्षेपणाला वेगळा. यातलं काहीही तुमच्या लघुपटाला लागू होत नाही. तिथे रचनेच्या हक्कदाराची एक आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची दुसरी, अशा दोन परवानग्या लागतात. विद्यार्थी नेमके इथेच अडकतात आणि तयार लघुपट महोत्सवाला पाठवता येत नाही. मराठी विद्यार्थ्याकडे एक सुंदर वाट आहे. ख्रिस्ती भजनं लिहिणारे मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेली भजनं अमेरिकेतही आणि भारतातही हक्कमुक्त आहेत, आणि मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. मित्रांकडून गाऊन घ्या, त्यांची लेखी संमती घ्या, आणि स्वतः ध्वनिमुद्रित करा.

चर्चमध्ये चित्रीकरण करताना एसी बंद करून घ्या, बूम (लांब दांड्यावरचा माईक) तोंडापासून ३०-४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाकांवर जाड ब्लँकेटं पसरा. दगडी वास्तूत शब्दांची शेपटी दोन-तीन सेकंद रेंगाळते, संकलनात ती कापता येत नाही. निघण्यापूर्वी रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज घ्या, संकलनात संवादांमधल्या जागा भरायला तो लागतो.

भारतातून कॅमेरा नेत असाल तर एक खूणगाठ बांधा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०ची. २४ फ्रेमवर इथे १७२.८ अंशाचं, म्हणजे १/५० सेकंदाचं, शटर ट्यूबलाइटखाली सुरक्षित. तिथे १४४ अंश, म्हणजे १/६०. सवयीने १/५० ठेवलं तर स्वस्त दिव्यांखाली चित्र लुकलुकतं, आणि लहान पडद्यावर ते कळतही नाही. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि १०० वॉट-अवरच्या आतल्या घेतल्या तर विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही.

संहितेबद्दल एकच सांगावंसं वाटतं. शेवटच्या दृश्यात प्रार्थना होते आणि सगळं सुटतं, असा लघुपट अशा विभागांत दरवर्षी लिहिला जातो. श्रद्धा खरी असली तरी पात्राने त्यासाठी काही गमावलेलं दिसत नाही, म्हणून तो पडद्यावर पोकळ वाटतो. आधी गमावणं लिहावं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. चॅपलच्या प्रक्षेपण चमूत पगारी जागा असतात का, ते जरूर विचारा. बाहेरच्या इंटर्नशिपसाठी बहुधा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. पदवीनंतरच्या कामाची मुदत १२ महिने; पुढचे २४ महिने फक्त विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या अभ्यासक्रमांना मिळतात. विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० कागदावर अभ्यासक्रमाचा सहा आकडी कोड छापलेला असतो. ५०.०६०२ हा चित्रपट-निर्मितीचा कोड त्या यादीत नाही. ॲनिमेशन आणि व्हिडिओ ग्राफिक्सचा १०.०३०४ आहे.

आणि शुल्क भरण्याआधी त्या विद्यापीठाच्या चॅपलचं एखादं प्रक्षेपण हेडफोन लावून पूर्ण पाहा. विभागाच्या जाहिरातीतला लघुपट सहा महिने घासूनपुसून केलेला असतो, हे प्रक्षेपण त्या सकाळचं असतं. लोकांचं गाणं ऐकू येतं का, ओळ वेळेवर येते का, चेहऱ्यांचा रंग तिन्ही कॅमेऱ्यांत सारखा आहे का, ते बघा. मग विभागाला विचारा: त्या दिवशी स्विचरवर विद्यार्थी बसला होता, की पगारी कर्मचारी?