दुधाळ तेल

काल नॉक्सव्हिलला स्प्रिंट कारच्या शर्यती झाल्या आणि आजचा रविवार शेजाऱ्याच्या गॅरेजात गेला. आयोवातल्या या मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्या पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर, म्हणजे एक प्रकारच्या अल्कोहोलवर पळतात. इंजिनातलं तेल काढलं तर चक्क जास्त दूध घातलेला चहा! मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं. न जळलेलं पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरतं, सोबत पाणीही.

पठ्ठ्या ते तेल फेकत नाही. उघड्यावर, विजेच्या शेगडीवर तापवत बसतो. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, पाणी १००ला. त्याच्या थोडं वर नेलं की दोन्ही उडून जातात. पण अगदी सावकाश, नाहीतर पाणी तडतडून तेल बाहेर. आसपास ज्योत अजिबात नको, कारण मिथेनॉलची आग दिवसा दिसतही नाही. वाफही विषारीच. (स्वयंपाकघरातून त्याला बायकोने केव्हाच हाकललंय.)

तासाभरात दुधाळपणा गेला. मिथेनॉलची काजळी नसते, म्हणून तेल दिसायला छानच. मला मात्र पटलं नाही. तेलात तयार झालेलं आम्ल आणि संपलेली अ‍ॅडिटिव्ह्ज (तेलात मिसळलेली, इंजिन जपणारी रसायनं) यांचं काय? मी म्हटलं, हे शर्यतीच्या इंजिनात नको घालूस.

"शनिवारी बघू," म्हणाला.