ब्रेक पॅड बदलायचे होते, त्यात आठवडा गेला

पुढच्या चाकातून ची ची आवाज यायला लागला तेव्हाच कळलं की पॅड संपले, कारण पॅडला एक पातळ पत्री असते, मटेरियल झिजलं की ती डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिलाच दाबून गाडी थांबवतात) घासून बोंबलते. चाक काढून बघितलं तर जेमतेम २-३ मिमी उरलेलं.

आता गाडी जरा स्पोर्टी सेडान, त्यामुळे मनात पहिलं आलं की डायरेक्ट रेस ट्रॅकवाले पॅड टाकू! पण ते पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत, म्हणजे सकाळी थंड गाडी काढली की पहिल्या सिग्नललाच पोटात गोळा. सिरॅमिक पॅड गपगुमान काम करतात, रिमवर काळी भुकटी पण कमी, पण घाटात सारखं जोरात ब्रेक मारायची सवय असेल तर सेमी मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड बरे, उष्णता जास्त सोसतात, थोडा आवाज करतात एवढंच. मी तेच घेतले.

आणि हो, डिस्कची जाडी मोजाच, किमान किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमी वरून १५ पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा ब्रेक मारले. वास आला जळका, बायको म्हणाली गाडी पेटवतोस का :)