दर सोमवारी बसणारी बॅटरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या नऊ वर्षांच्या हॅचबॅक गाडीने दर सोमवारी सकाळी सुरू न होण्याचे व्रतच घेतले होते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होत, सेल्फकडून नुसता 'टक टक' असा आवाज येई आणि मग शेजाऱ्यांना झोपेतून उठवून त्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावावी लागे. मंगळवार ते शुक्रवार मात्र ती विनातक्रार चाले. या वारांच्या हिशेबातच उत्तर दडलेले होते, पण ते माझ्या लक्षात येईपर्यंत एका नव्या बॅटरीचे पैसे मोजून झाले होते.

जुनी बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे 'बदलून टाका' हा सल्ला मी मुकाट्याने मानला. तिसऱ्या सोमवारी नवीही बसली. दुकानदाराने ती रात्रभर चार्ज केली, लोड टेस्ट (भार टाकून केलेली चाचणी) घेतली आणि बॅटरीत दोष नसल्याचे सांगून परत दिली. तेव्हा मला त्याचा राग आला होता, पण त्याचे म्हणणे बरोबर होते.

बॅटरीला चार्ज धरून ठेवता येत नसेल, इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा अल्टरनेटर ती नीट भरत नसेल किंवा गाडी बंद असताना काहीतरी वीज ओढत असेल, तर ती वारंवार उतरते. पहिल्या दोन शंका व्होल्ट आणि प्रवाह मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत तपासता येतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आकडा १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरली आहे असे समजावे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. आमच्या गाडीत तो १४.१ होता आणि हेडलाइट, वायपर, एसी असे सगळे एकदम लावल्यावरही १३.९ च्या खाली गेला नाही. अल्टरनेटर बॅटरी भरत होता, हे नक्की झाले. अर्थात त्याचा एखादा डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका असेल तर दिवसा नीट भरणारा अल्टरनेटरच रात्री बॅटरी रिकामी करू शकतो, म्हणून त्याला मी पूर्ण निर्दोष ठरवले नव्हते.

तिसरी तपासणी वेळखाऊ आहे. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मीटर जोडायचा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जातो. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही. मी सवयीने किल्ली फिरवली आणि मीटरचा फ्यूज उडवून बसलो. दुसऱ्या दिवशी नवा फ्यूज घालून, बॉनेट उघडे ठेवून आणि दारे लॉक करून मी अर्धा तास वाट पाहिली, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला तेवढा वेळ लागू शकतो आणि घाईने घेतलेला आकडा उगाच मोठा दिसतो. एरवी हा प्रवाह ०.०५ अँपिअरच्या आत असावा. माझा मीटर ०.४६ वर स्थिरावला होता.

मग कागदावर गणित मांडले. तासाला ०.४६ म्हणजे दिवसाला सुमारे ११ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचे माप), आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या साठ तासांत जवळजवळ २८. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. उरलेल्या सातात सेल्फ फिरणे कठीणच, आणि एरवी मात्र ऑफिसच्या रोजच्या फेऱ्यांत तूट कशीबशी भरून निघत असणार.

आता एकेक फ्यूज काढून आकडा कधी खाली येतो ते पाहायचे होते. डॅशबोर्डखालच्या पेटीतले सगळे फ्यूज काढून परत घातले, बॉनेटखालचेही तपासले, पण आकडा ढिम्म हलला नाही. अल्टरनेटरवरच संशय घट्ट होऊ लागला होता, इतक्यात बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून थेट केबिनमध्ये गेलेल्या एका जाड लाल वायरकडे लक्ष गेले. तिच्या मध्येच स्वतंत्र फ्यूज होता. तो काढताच मीटरने ०.०२ दाखवले.

ती वायर ड्रायव्हरच्या सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरची होती, जो आदल्या उन्हाळ्यात नव्या म्युझिक सिस्टिमबरोबर बसवून घेतला होता. फ्यूज परत लावला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सीटखाली हात घातला, तेव्हा रात्रभर बंद असलेल्या गाडीत तो पत्र्याचा डबा कोमट लागला. स्टिरिओ सुरू झाला की निळ्या वायरवरून अ‍ॅम्प्लिफायरला जागे होण्याचा इशारा मिळतो. बसवणाऱ्याने ती वायर स्टिरिओपर्यंत ओढण्याचा त्रास न घेता, अ‍ॅम्प्लिफायरच्याच कायम चालू असलेल्या पॉझिटिव्हला बोटभर तुकड्याने जोडून टाकली होती. गाणी नीट वाजत होती, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते.

तो तुकडा कापून मी निळी वायर मॅटखालून स्टिरिओपर्यंत नेली. पुढच्या सोमवारी किल्ली फिरवण्याआधी मीटर लावला, तेव्हा १२.५ व्होल्ट होते. अशा खोल उतरण्याने प्लेटांवर सल्फेट धरते आणि क्षमता कायमची घटते, त्यामुळे नव्या बॅटरीचे आयुष्य थोडे कमी झालेच असणार. जुनी मात्र मी एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो. ती खरोखर संपली होती की नाही, हे आता तपासता येणार नाही.